औषधाची चिठ्ठी संगणकावर लिहिताना

प्रश्न : दवाखान्यात चिठ्ठी छापणारं सॉफ्टवेअर घेतलंय. दर दुसऱ्या पेशंटला इशाऱ्याची खिडकी उघडते आणि आता मी ती न वाचताच बंद करतो. हाताने लिहिणंच बरं होतं का? (एक डॉक्टर, गुहागर)

उत्तर : नाही, पण सेटिंग आजच बदला. न वाचता बंद करायची सवय हाताला लागली की खरा इशाराही त्याच झटक्यात जातो. काम अडवणारी खिडकी मोजक्याच गोष्टींना ठेवा : नोंदलेली अ‍ॅलर्जी, गरोदरपण, एकच घटक दोनदा, आणि घातक जोड्या. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोल ही जंतुसंसर्गावरची औषधं, ही अशी जोडी. वॉरफरिनचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. बाकीचं कडेला एका ओळीत दिसलं तरी पुरे. रामिप्रिल (रक्तदाबाचं औषध) आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवीची गोळी) तर हृदयविकारात मुद्दाम एकत्र दिली जातात. तिथे अडवून काय उपयोग? रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासायची आठवण हवी.

इशाऱ्यांपेक्षा आम्हाला जास्त धास्ती आहे ती आपोआप भरल्या जाणाऱ्या डोसाची. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच. पण औषध निवडलं की रकान्यात ‘रोज’ येऊन बसतं आणि गर्दीत ते नजरेतून सुटतं. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी बनणं मंदावतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून साचा एकदाच नीट बनवा. डोस ७.५ मिलिग्रॅम असेल तर २.५ च्या ३ गोळ्या, दर सोमवारी, ४ आठवडे, एकूण १२. वार छापलाच पाहिजे. ‘एकूण’मध्ये ९० (रोज ३, महिनाभर) दिसलं की घोळ झालाच समजा. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देता, उपचाराला १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. हे दोन साचे वेगळ्या नावांनी ठेवा.

पावसात वीज गेली की कागदावर लिहाल, ते ठीक. कार्बन प्रत ठेवून संध्याकाळी नोंद चढवा, नाहीतर पुढच्या खेपेला सॉफ्टवेअरच्या लेखी ते औषध दिलेलंच नसतं.

प्रश्न : आई देवगडला असते, दोन डॉक्टरांकडे जाते. काही गोळ्या मी इथून पाठवतो. चूक झाली तर संगणक पकडेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : त्या दवाखान्यात नोंदलेलं आहे तेवढंच पकडेल. तुमच्या पार्सलचा त्याला पत्ता नसतो. सगळ्या स्ट्रिपा, काढे-चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून आईंना न्यायला सांगा. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक ‘घरातलीच’ म्हणून कुणी सांगत नाही. पण सोबत रामिप्रिल आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला इजा करू शकतात, जुलाब-उलट्या लागल्यावर तर लवकरच.

अ‍ॅलर्जीचं नुसतं ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं सांगू नये. अंगावर गांधी उठल्या की पोट बिघडलं, ते सांगा. आणि ते अ‍ॅलर्जीच्या रकान्यातच भरायला हवं. शेऱ्यात लिहिलेलं बहुतेक सॉफ्टवेअर तपासत नाही.

प्रश्न : छापील चिठ्ठीतही मुलांच्या सिरपचा गोंधळ का होतो? (औषध दुकानदार, राजापूर)

उत्तर : कारण ‘५ मिली’ छापलेलं असतं, बाटलीची ताकद नसते. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२० असलेल्या बाटलीतून हे ६.२५ मिली होतं, २५० च्या बाटलीतून ३ मिली. दुसरी चूक वजनाची : सॉफ्टवेअर मागच्या भेटीचं वजन तसंच पुढे ओढतं, आणि तान्ह्या मुलाचं वजन सहा महिन्यांत बरंच बदललेलं असतं. चिठ्ठीवर त्या दिवशीचं वजन, मिलिग्रॅम, मिली आणि ताकद चारही छापलेलं असावं. तुमच्याकडे ती ताकद नसेल तर परस्पर दुसरी बाटली देऊ नका. डॉक्टरांना फोन करून नवे मिली बाटलीवर लिहा आणि मापाच्या टोपणावरची ती रेघ आईला बोटाने दाखवा.