आधी नोंदवही, मग इमारत: अहिराणी गीतांच्या केंद्राविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे जिल्ह्यातील तुम्ही काही मंडळी अहिराणी लोकगीतांच्या जतनासाठी एक केंद्र काढू पाहत आहात. एका निवृत्त शिक्षकांनी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केलेल्या ७० कॅसेटी तुमच्या हाती आल्या आहेत, १२ लाख रुपये जमले आहेत आणि गावात जागाही मिळण्याजोगी आहे. मात्र आधी इमारत उभारावी, वाद्यांचे संग्रहालय करावे की वार्षिक महोत्सव भरवावा, यावर तुमच्यात एकमत होत नाही. अशा कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, या तिन्ही गोष्टी निदान दोन वर्षे पुढे ढकलाव्यात आणि आरंभ एका कोरड्या वाटणाऱ्या वस्तूने, म्हणजे नोंदवहीने, करावा.

आपल्याकडे लोकगीते जमवण्याची परंपरा जुनी आहे. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला; साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या; सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड संपादित केले. या सर्वांचे ऋण मोठेच आहे, परंतु कागदावर उतरले ते शब्द. चाल बहुतेक ठिकाणी गायिकेच्या गळ्यातच राहिली आणि तिच्याबरोबर गेली. जात्यावरच्या ओवीत तर शब्दांइतकेच महत्त्व जात्याच्या फेऱ्याला असते, कारण ओळ कोठे लांबवायची आणि दम कोठे घ्यायचा हे खुंट्यावरचा हात ठरवतो. म्हणून तुमच्या केंद्राने केवळ 'गीतसंग्रह' करू नये. गीत, चाल आणि प्रसंग या तिन्हींची एकत्र नोंद ठेवावी.

नोंदीचे मोल किती, हे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पावरून कळते. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. पुढे १९९० च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या सर्वांची संगणकीय सूची झाली आणि त्यांतील काही हजार ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. पॉइटवँ २००४ मध्ये वारले आणि राईरकर २०१० मध्ये वारल्या. तरीही 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळाने नंतर हे काम हाती घेतले तेव्हा त्यांची माणसे त्याच गावांत जाऊन त्याच गायिकांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटू शकली, कारण प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे आणि गावाचे नाव लिहिलेले होते. माझ्या स्वतःच्या पहिल्या तीस-चाळीस कॅसेटींवर मात्र 'बायकांची गाणी, भाग २' एवढेच लिहिलेले आहे. आवाज उत्तम आहेत, पण ते कोणाचे, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

तेव्हा प्रत्येक मुद्रणाला एक क्रमांक द्यावा आणि त्यापुढे गाणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख, गीताची पहिली ओळ, प्रसंग, साथीची वाद्ये, मुद्रण करणाऱ्याचे नाव आणि मिळालेली परवानगी लिहावी. याखेरीज दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे गायिकेचे माहेर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचे गाणे तुम्ही शिरपूर तालुक्यात मुद्रित केले, पण गाणारी बाई अंमळनेरकडची लेक असेल, तर ते गाणे बहुधा तिच्या आईचे, म्हणजे तिकडचे असते. केवळ सासरच्या गावाची नोंद झाली, तर पुढच्या अभ्यासकाचा नकाशाच चुकतो. दुसरी गोष्ट म्हणजे गाणे कोणाकडून शिकले. हे विचारल्यावर बाया मोकळेपणाने बोलू लागतात, आणि ते बोलणेही मुद्रित करावे. माझ्या संग्रहात पुष्कळदा गाण्याहून तेच अधिक कामी आले आहे.

आता कॅसेटींविषयी, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. 'युनेस्को' आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयासा' यांनी २०१९ मध्येच इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरचा वारसा वाचवण्याची संधी साधारण २०२५ पर्यंतच आहे. फिती खराब होतात हे तर झालेच, पण त्या वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर हे त्याहून वेगाने संपत आहेत. आज घरी गेल्यावर पहिले काम हे करा की, प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसणाऱ्या कॅसेटी वेगळ्या काढा आणि त्या यंत्रात मुळीच घालू नका, अन्यथा बुरशी यंत्राच्या डोक्यामार्फत, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागामार्फत, बाकीच्या कॅसेटींनाही लागेल. चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारे यंत्र, मिळवून त्याचे डोके नीट स्वच्छ करावे आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या प्रमाणात 'वेव्ह' (WAV) स्वरूपातील प्रत करावी. एमपी३ ही ऐकण्यासाठीची प्रत असते, जतनाची नव्हे. मूळ प्रतीतील खरखर काढू नये, कारण खरखरीबरोबर बांगड्यांची किणकिण आणि जात्याची घरघरही जाते. या प्रमाणात एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते, म्हणजे ६० मिनिटांच्या ७० कॅसेटी दीडशे जीबीच्या आत मावतात. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा, आणि दरवर्षी त्या उघडून पाहा. यंत्रांवरचा खर्च तुम्हाला वाटतो त्याहून बराच कमी आहे. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे, कारण एका तासाची फीत वाजायला तासच लागतो आणि ऐकून नोंद करायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून अहिराणी घरात वाढलेला एक तरुण किंवा तरुणी दोन वर्षांसाठी पगारावर नेमावी. महिना १५,००० रुपये धरले तरी ३,६०,००० होतात, आणि १२ लाखांतला याहून सत्कारणी लागणारा खर्च मला तरी सुचत नाही.

परवानगीविषयी बेफिकीर राहू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे टिकतो आणि गाणाऱ्याला कलावंत म्हणून ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क असतो. 'लोकगीत कोणाचेच नसते' हे वाक्य शब्द-चालीपुरते फार तर खरे असेल, पण त्या बाईच्या गळ्यापुरते ते खोटे आहे. शिक्षकांकडून कॅसेटी घेताना लेखी करार करावा, आणि नवे मुद्रण करताना गायिकेला तिच्याच बोलीत विचारून तिचा होकार त्याच फायलीत मुद्रित करावा. कानबाई या खानदेशी देवीची गाणी श्रावणाखेरीज म्हणायला एखादी बाई नाही म्हणाली, तर श्रावणापर्यंत थांबावे. एखादे गाणे ऐकवू नका असे तिने सांगितले, तर नोंदीत तसे लिहावे आणि ते पाळावे. मानधन पाकिटात घालून द्यावे, आणि शक्य तेवढ्या लवकर तिच्या गाण्याची प्रत तिच्या नातवंडांच्या फोनवर पोहोचवावी.

नोंदणीचे काम तसे सरळ आहे: १८६० च्या कायद्याखाली संस्था, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास. विश्वस्त बदलला की बदल अर्ज वेळेवर द्यावा. चांगल्या चालणाऱ्या संस्था याच एका कंटाळ्यापायी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. घटनेत एक कलम न विसरता घाला की, केंद्र बंद पडल्यास संग्रह विकला जाणार नाही व नाव घेऊन ठरवलेल्या दुसऱ्या संग्रहाकडे जाईल. गुरुग्राम येथील १९८२ पासूनचे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रह केंद्र अशा ठेवींचेच काम करते. निदान एक प्रत तेथे ठेवता येईल का, हे पत्राने विचारावे.

इमारत नको असे मी म्हणत नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० मध्ये राजस्थानातील बोरुंदा या गावात 'रूपायन संस्थान' सुरू केले तेव्हा त्यांच्यापाशीही वास्तूपेक्षा माणसांशी असलेली ओळखच अधिक होती. कोठारींनी लंगा आणि मांगणियार गायकांची गाणी मुद्रित केलीच, पण ते गायक ज्या यजमानांच्या लग्नकार्यावर जगत होते तो व्यवहारही समजून घेतला, कारण तो तुटला तर गाणे फितीवरच उरेल हे त्यांना कळले होते. तुमच्याकडे वहीगायन या लोकगायनाच्या मंडळांचे आणि डोंगऱ्यादेव या आदिवासी देवाच्या उत्सवात पावरी हे भोपळ्याचे फुंकवाद्य वाजवणाऱ्यांचे असेच आहे. काचेच्या कपाटात पावरी ठेवण्याआधी ती बनवणारा कोण आहे, भोपळा कोठून आणतो आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत आहे का, हे लिहून काढा. शिकणारा नसेल, तर महोत्सवाच्या मंडपासाठी राखलेले पैसे त्याच्या घरी एखाद्या मुलाला शिकायला पाठवण्यात घालावेत.

पहिल्या दहा कॅसेटींची यादी तयार झाली की मला दाखवा. रकाने कोठे कमी पडतात ते दहाव्या कॅसेटीपर्यंत लक्षात येते, आणि तेव्हाच सुधारणे सोपे जाते. बुरशी लागलेल्या कॅसेटी मात्र तोवर तशाच कोरड्या जागी, उभ्या ठेवा.