कॅन्सर संशोधनासाठी सॉफ्टवेअर बनवतोय, अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही विचारलंय की एम.टेक. झाल्यावर दोन मित्रांना घेऊन स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधून ईआर, पीआर, हर-२ (उपचार ठरवायला लागणाऱ्या चाचण्या) वगैरे माहिती आपोआप काढणारं सॉफ्टवेअर बनवताय, नमुना चालतोय, आता पैसे कुणाकडे मागायचे? मी मुंबईत कॅन्सर संशोधनाच्या डेटावरच काम करते. प्रपोजल लिहिणं आणि दुसऱ्यांची वाचून देणं हा त्याचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे ठरवा की पैसे नेमके कशासाठी हवेत. कल्पना चालते का हे तपासायला, रोज वापरता येईल असं टूल उभं करायला, की उभं राहिलेलं टूल चालू ठेवायला? तिन्ही एकाच अर्जात कोंबलं की तपासणाऱ्याला काहीच धड दिसत नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये आयटीसीआर नावाची योजना सुरू केली, ती खास कॅन्सर संशोधनाच्या सॉफ्टवेअरसाठी. त्यात हे टप्पेच वेगळे केलेत: नव्या पद्धतीसाठी आर२१, सुरुवातीच्या टूलसाठी यू०१, पुढच्या विकासासाठी यू२४ आणि रुळलेल्या टूलच्या देखभालीसाठी स्वतंत्र यू२४. सीबायोपोर्टल, आयजीव्ही, गॅलॅक्सी ही आपले संशोधक रोज फुकट वापरतात ती टूल्स या योजनेच्या पैशावर वाढली आणि टिकली. त्या जुन्या नोटिसा डाउनलोड करून वाचाच. वापरणारे कोण, त्यांची अडचण कोणती, टूल त्यांच्यापर्यंत पोचणार कसं, हे तिथे किती बारकाईने विचारलंय ते बघा.

मात्र तो पैसा थेट तुमच्या हातात येईल असं धरून चालू नका. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट ज्या एनआयएच या सरकारी संस्थेचा भाग आहे, तिने परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत मे २०२५ मध्ये थांबवली. तिकडचा कुणी प्राध्यापक ‘आमच्या ग्रँटमध्ये तुम्हाला घेतो’ म्हणाला, तर सध्याचा नियम काय आहे ते त्याच्या ऑफिसकडून लेखी मागा. शिवाय परदेशी भागीदार आला की आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या एचएमएससी या छाननी समितीची मंजुरी लागते आणि संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा, लागू आहे का तेही बघावं लागतं. पहिल्याच अर्जात या फेऱ्यात पडू नये असं मला वाटतं.

तुमच्यासारख्यांना दोन वाटा जवळच्या आहेत. कंपनी काढायची असेल तर बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेचं बिग, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. कल्पना सिद्ध करायला ते बरं आहे, मात्र पुढे धंदा कसा होणार हे तिथे विचारतातच. दुसरी वाट आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना दिलेल्या, प्रकल्पांची. त्यातल्या छोट्या अनुदानाची मर्यादा २ कोटींपर्यंत ठेवलेली आहे. इथे पीआय, म्हणजे प्रकल्पाचा मुख्य संशोधक, हा मान्यताप्राप्त संस्थेत नोकरीला असलेला माणूस लागतो. तुम्ही नाही, तुमच्यासोबतचे पॅथॉलॉजिस्ट किंवा ऑन्कॉलॉजिस्ट. याशिवाय नॅशनल कॅन्सर ग्रिडचं कोइटा सेंटर फॉर डिजिटल ऑन्कॉलॉजी आणि आयआयटी मुंबईचं कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ इथे जाऊन माणसांशी बोला. ग्रिडचं समन्वयन परळच्या टाटा मेमोरियलमधून चालतं आणि देशभरातली शेकडो कॅन्सर केंद्रं त्यात आहेत. एकाच हॉस्पिटलच्या रिपोर्टवर चालणारं टूल आणि दहा ठिकाणच्या वेगवेगळ्या फॉरमॅटवर चालणारं टूल यांत अर्ज तपासणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

आता प्रपोजलच्या आतल्या गोष्टीकडे येते, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात. तुमचंच उदाहरण घ्या. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं: ‘हर-२: २+, इक्विव्होकल, फिश ॲडव्हाइज्ड’. सॉफ्टवेअरने यातून २+ उचललं म्हणजे काम झालं असं प्रोग्रामरला वाटतं. पण २+ म्हणजे उत्तर अजून लागायचंय. ते ठरवणाऱ्या फिश या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट नंतर येतो, कधी दुसऱ्याच लॅबमधून, आणि बाहेरच्या लॅबचा असला तर पेशंटच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या फाइलमध्ये कागदावरच राहतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही ते त्या कागदावर ठरतं. म्हणजे तुमच्या टूलला ‘निकाल प्रलंबित’ अशी नोंद ठेवता आली पाहिजे, आणि महिन्याभराने आलेला दुसरा रिपोर्ट त्याच बाईच्या खात्यात बसवता आला पाहिजे. तिचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर स्पेलिंगच वेगळं. मुंबईत पेशंट जळगावहून येतात तसे दरभंग्याहूनही येतात, तेव्हा हे रोजचंच आहे. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने याच शहरात सुरू केली. एकच पेशंट दोनदा मोजला जाऊ नये याची काळजी नोंदणीच्या कामात पहिल्यापासून घ्यावी लागते. अशा कामात मुरलेल्या माणसासोबत एक दिवस बसा. प्रपोजलचा ‘गरज काय’ हा भाग तुमच्या मॉडेलची अचूकता सांगून कधीच उभा राहणार नाही, तो या तपशिलांवर उभा राहतो.

बजेटबद्दल माझं मत ठाम आहे. जीपीयूसाठी, म्हणजे मॉडेल चालवायच्या महागड्या चिपसाठी, मोठा आकडा टाकू नका. दोन माणसांचा पगार नीट धरा: एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि एक डेटा मॅनेजर, जो रिपोर्ट वाचून खरं उत्तर काय ते हाताने नोंदवेल. ही हाताने केलेली नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि मतभेद झाला तिथे पॅथॉलॉजिस्टने निवाडा द्यायचा. पॅथॉलॉजिस्टचा हा वेळ फुकट मिळेल असं गृहीत धरलेली प्रपोजलं मी वाचते, तेव्हा ते काम होणार नाही हे तिथेच कळतं. शेवटच्या वर्षात टूल दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये बसवणं, कागदपत्रं लिहिणं, तिथल्या लोकांना शिकवणं, यासाठीही पैसे मागा. आपल्याकडे देखभालीसाठी वेगळं अनुदान क्वचितच मिळतं. प्रकल्प संपला की पोरं दुसरीकडे जातात, सर्व्हरचं पुढचं बिल कुणी भरत नाही आणि डिपार्टमेंट परत एक्सेलवर येतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या टूलमध्ये शेकडो पेशंटची माहिती आणि लोकांची वर्षं गेलेली असतात. म्हणून चालू ठेवायची जबाबदारी कोणत्या विभागाकडे जाईल हे अर्जातच लिहा आणि त्या विभागप्रमुखांचं सहीचं पत्र जोडा.

परवानग्यांना वेळ लागतो, तो धरूनच तारखा टाका. एथिक्स कमिटीकडे अर्ज करण्याआधी आयसीएमआरची २०२३ ची एआयसाठीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा. २०२३ च्या डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या, कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरवून दिलेली मानकं पाळली तरच. नाव आणि केस नंबर काढला म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. रिपोर्टच्या मजकुरात गाव, रेफर करणारे डॉक्टर, जुन्या स्लाइडचा नंबर असं बरंच राहून जातं. डेटा हॉस्पिटलच्या सर्व्हरवरच ठेवून तुमचं सॉफ्टवेअर तिथे नेलं, तर कमिटीचे निम्मे प्रश्न कमी होतात.

तुमच्या जागी मी असते तर हा क्रम ठेवला असता: आधी एक पॅथॉलॉजिस्ट पीआय म्हणून तयार करायचा, मग त्यांच्या एथिक्स कमिटीकडून थोड्या जुन्या रिपोर्टवर चाचणीची परवानगी घ्यायची, त्या निकालावर आयसीएमआरला अर्ज करायचा. बिगचा विचार त्यानंतर. प्रपोजलचं एक पानाचं टिपण तयार झालं की इथेच प्रतिक्रियेत टाका, पेशंटची कुठलीही माहिती न घालता. मी वाचून काय खटकलं ते लिहीन.