स्वतःचा एकच ट्रक असणाऱ्याने महामार्गावरील टायर आणि दुरुस्तीचा खर्च किती धरावा?

नमस्कार. आपण लिहिले आहे की, कर्ज काढून दहा टायरी ट्रक घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच ढाब्याजवळच्या टायरवाल्यांना आणि मिस्त्रींना दिलेली रक्कम बँकेच्या हप्त्याच्या जवळ जाऊ लागली आहे. तेव्हा हा खर्च नेमका किती धरावा आणि लुबाडणूक कशी टाळावी, असा आपला प्रश्न आहे. मी गेली अठरा वर्षे माझी एकच गाडी कळंबोली ते बेंगळुरू या मार्गावर चालवत आहे. सुरुवातीची काही वर्षे मीही आपल्यासारखाच त्रासलो होतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी आकडे पाहू. हे माझ्या वहीतले आहेत, आपल्या गाडीचे थोडे पुढे-मागे होतील. १०.०० आर २० मापाचा नवा रेडियल टायर मला साधारण २२,००० रुपयांना पडतो. पहिल्या आयुष्यात तो ७०,००० किलोमीटर चालतो. नंतर सुमारे ६,००० रुपये देऊन रिमोल्ड केला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवून घेतला, तर आणखी ४०,००० किलोमीटर मिळतात. म्हणजे २८,००० रुपयांत १,१०,००० किलोमीटर, एका टायरमागे किलोमीटरला साधारण २५ पैसे आणि दहा टायरांचे मिळून अडीच रुपये. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, हब ग्रीसिंग, कमानीचे पाटे, बॅटरी आणि किरकोळ कामे यांचे मी किलोमीटरला दीड रुपया धरतो. असे एकूण चार रुपये होतात. महिन्याला ७,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी भाडे हाती येताच त्यातले २८,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत आणि डिझेल किंवा हप्त्यासाठी त्यांना हात लावू नये. बहुतेक एकगाडी मालक भाड्यातून डिझेल, टोल आणि हप्ता वजा करून उरलेल्या रकमेला नफा समजतात, आणि दीड वर्षाने एकदम सहा टायर गुळगुळीत झाले की सावकाराकडे जातात. टायर रोज थोडा थोडा झिजत असतो, तेव्हा त्याचे पैसेही प्रत्येक फेरीतून बाजूला निघाले पाहिजेत.

आता ढाब्याजवळच्या दुकानांविषयी. तिथला माल महाग असतो, हे खरे आहे. पण सर्वांत जास्त पैसे जातात ते आपण नाइलाजाने तिथे थांबलेलो असतो म्हणून. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी लोखंडी प्लेट भरून हुबळीला निघालो होतो. रात्री एकच्या सुमारास कऱ्हाडच्या अलीकडे मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. स्टेपनी आधीच पंक्चर होती, कारण आदल्या फेरीत तिचे पंक्चर काढायचा मी कंटाळा केला होता. जवळच्या दुकानदाराने काळाभोर, नव्यासारखा दिसणारा जुना टायर ९,५०० रुपयांना बसवला. पहाटे निपाणी ओलांडली आणि संकेश्वरच्या आसपास गाडी मागून हेलकावू लागली. उतरून पाहिले, तर तोच टायर बसला होता आणि शेजारचा बाहेरचा चांगला टायर एकट्याने भार ओढून इतका तापला होता की, त्याच्या बगलेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, हात ठेववत नव्हता. दुकानात उतरवून पाहिला, तेव्हा जुन्या टायरच्या आत तळहाताएवढे गेटर, म्हणजे फाटलेली जागा झाकणारे ठिगळ, चिकटवलेले निघाले. बगलेवरून अंगठा फिरवला तेव्हा काळा रंग अंगठ्याला लागला आणि रंगाखालच्या बारीक भेगा दिसल्या. उत्पादनाचा आकडा होता ३४१५, म्हणजे २०१५ सालातला ३४वा आठवडा. दोन टायर गेले, एक दिवस गेला आणि माल उशिरा पोहोचल्याबद्दल भाड्यातून कपातही झाली.

तेव्हापासून रात्री कोणताही जुना टायर घेताना मी तो बसवण्याआधी टॉर्च लावून आतून पाहतो, चार अंकी आकडा वाचतो आणि अंगठा ओला करून बगलेवर घासतो. बिलावर टायरचा क्रमांक लिहून घेतो. उतरवलेला टायर दुकानात सोडत नाही, कारण फुटलेल्या टायरलाही भंगारात भाव असतो आणि केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, शाबूत असेल तर तो रिमोल्ड होऊन आणखी हजारो किलोमीटर धावतो. माझ्या प्रत्येक टायरच्या बगलेवर गाडीचा क्रमांक तापल्या लोखंडाने डागलेला आहे, त्यामुळे रिमोल्डच्या कारखान्यात केसिंगची अदलाबदल होत नाही. रिमोल्ड टायर मात्र कधीही पुढच्या दोन चाकांना लावू नका. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. तिथे नवेच टायर असावेत. ते थोडे झिजले की मागे न्यावेत आणि नवी जोडी पुन्हा पुढे यावी.

हवेविषयी मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे, कारण आपला खर्च बहुधा इथेच वाढत असावा. आपल्यातले बहुतेक जण टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, टायरवर ठोका मारून आवाज ऐकतात. पूर्ण बसलेला टायर त्याने कळतो, पण वीस पाउंड हवा कमी असेल तर कानाला फरक कळत नाही, आणि टायरचे आयुष्य खाणारे हे वीस पाउंडच असतात. चांगला गेज विकत घ्या आणि पहाटे गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजा. उन्हाळ्यात दुपारी टायर फुगला म्हणून हवा सोडण्याची पद्धत पूर्णपणे चुकीची आहे. चालताना तापल्यामुळे दाब वाढतो हे खरे, पण कंपनीच्या तक्त्यातला आकडा थंड टायरचा असतो. दुपारी हवा सोडली की टायर गार झाल्यावर ती कमीच भरते, बगल अधिक दुमडते आणि टायर आणखी तापतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी धावते, तेव्हा ही चूक लगेच अंगाशी येते. जोडीतल्या दोन्ही टायरांत हवा सारखी असावी आणि त्यांच्या फटीत अडकलेला दगड फेरीला निघण्यापूर्वीच काढावा.

पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरू नका. २०१८ साली दहा टायरी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आले, तेव्हा ती सोय आपल्याला मिळालेलीच आहे. वर चार टन टाकून भाड्यात जे मिळते, ते टायर आणि पाट्यांत जाते. सापडलात तर २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये वेगळे.

दुरुस्तीबाबत माझा नियम एवढाच आहे की, रस्त्यावर फक्त गाडी घरी पोहोचेल इतकेच काम करायचे. फुटलेला प्रेशर पाइप, तुटलेला पाटा, पट्टा ही कामे रस्त्यावरचा मिस्त्री उत्तम करतो आणि त्याच्या हातच्या कसबाबद्दल मला आदर आहे. इंजिन, गिअर बॉक्स आणि बीएस ६ या प्रदूषण-मानकाच्या गाडीतले सेन्सर व धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा यांना मात्र तिथे हात लावू देऊ नये. वॉरंटी शिल्लक असेल तर मुळीच नाही. काम सुरू करण्यापूर्वी मजुरी आणि सामान यांचे भाव वेगवेगळे विचारावेत आणि जुना सुटा भाग परत मागावा.

नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. नोंदणी नसलेल्या आपल्यासारख्या मालकाला हा कर परत मिळत नाही, त्यामुळे ही सगळी घट थेट आपल्या खिशात राहायला हवी. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर बिलावर कर वेगळा दाखवायला सांगा. पक्के बिल असल्याशिवाय टायर सदोष निघाल्यास कंपनीकडे दावाही करता येत नाही.

आणि गाडी वाटेत बंद पडलीच, तर पैशांआधी जिवाचा विचार करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर फोन केला की मदत पाठवली जाते. तोवर गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण बराच मागे ठेवा आणि रहदारीच्या बाजूचा टायर बदलताना मागे कोणाला तरी टॉर्च घेऊन उभे करा. ट्यूबच्या टायरमध्ये हवा भरताना टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग नीट बसलेली नसेल, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. त्या वेळी चाकासमोर उभे राहू नका, रिंगची बाजू जमिनीकडे करून घ्या आणि पंक्चर काढणारा पोरगा घाईत तिच्यावर वाकलेला दिसला, तर त्याला हात धरून बाजूला घ्या.