वाचकांचे प्रश्न : सर्पदंशाची लस गावात की इंदूरला?

प्रश्न : आमची शेती महूच्या पुढे, मानपूरकडे. साप चावला की जवळच्या आरोग्य केंद्रातून थेट इंदूरला पाठवतात. लस तिथेच का देत नाहीत? पावसाळ्याआधी गावाने नेमकं काय मागावं?

उत्तर : विषबाधेची लक्षणं दिसत असतील तर पहिला डोस तिथेच द्यायला हवा, इंदूर त्यानंतर. घोडं अडतं ते बहुधा लसीच्या अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शनच्या भीतीपायी आणि अपुऱ्या साठ्यापायी. सुरुवातीचाच डोस साधारण १० कुप्यांचा, त्यामुळे कपाटात दोन-तीन कुप्या असून उपयोग नाही. लहान मुलांनाही तेवढाच डोस लागतो. साप वजन बघून विष सोडत नाही. पावडरच्या कुपीला फ्रिज लागत नाही, थंड अंधारी जागा पुरते. रिअ‍ॅक्शन आलीच तर ती आवरणारं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी हवं : मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. रिअ‍ॅक्शन येईल का हे बघायला आधी थोडीशी लस टोचून टेस्ट डोस देऊ नये, त्यातून काहीच कळत नाही.

घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं जागचं हलवायचं नाही, मग नळी एकदाच कलती करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलंय. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळच राहू शकतं, आणि गरज नसताना लस दिली जाते.

मण्यारीच्या दंशात ही चाचणी फसवते. रक्त नीट गोठतं, सूज नसते, खूणही बहुधा सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याचं पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. गॅसची गोळी देऊन घरी पाठवलेला असा रुग्ण हातचा जातो. मण्यार चावलेल्याला इंदूरला हलवताना गाडीत अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि ती दाबता येणारा माणूस हवाच. श्वास वाटेतच थांबू शकतो.

तेव्हा ‘लस आहे’ एवढ्या उत्तरावर ग्रामसभेने समाधान मानू नये. कुप्या किती, एक्सपायरी कधीची, अ‍ॅड्रेनलिन, काचेच्या नळ्या, अँब्यू बॅग आहे का, रात्री डोस कोण देणार, हे जूनआधी लेखी विचारा.

दंश झाल्यावर घट्ट दोरी किंवा चिरा नको. चावलेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. १०८ला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणा, आणि निघतानाच केंद्राला फोन करा.