अपघातात मूत्राशयाला किंवा मूत्रमार्गाला इजा होण्याचं प्रमाण किती असतं?

एकंदरीत कमी. पोटाला मुका मार लागलेल्यांपैकी साधारण २ टक्क्यांहून कमी जणांचं मूत्राशय फाटतं. पण पेल्विसचं, म्हणजे कमरेखालचं हाड मोडलं असेल तर हेच प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास जातं. त्यातही अपघाताच्या वेळी मूत्राशय भरलेलं असेल तर धोका जास्त, म्हणून लांबच्या प्रवासात लघवी दाबून ठेवू नका.

मूत्रमार्गाची इजा मुख्यतः पुरुषांत दिसते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे तो बहुधा वाचतो.

अपघातानंतर लघवीच्या छिद्रापाशी रक्त दिसलं किंवा लघवीच अडली, तर डॉक्टरांना लगेच सांगा. अशा वेळी आंधळेपणाने कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालणं घातक ठरू शकतं. आधी मूत्रमार्गात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून एक्स-रे काढतात.