स्कूटर येते, पण गिअरची बाईक सिग्नलला बंद पडते. भीती कशी घालवावी?

तुम्ही लिहिलंय की स्कूटर व्यवस्थित चालवता, पण बाईकवर सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात आणि हातपाय गळतात. माझ्या मते यात धीटपणाचा प्रश्न थोडा आणि डाव्या हाताचा जास्त आहे.

स्कूटरला डावीकडे मागचा ब्रेक असतो, बाईकला तिथेच क्लच. कोणी अचानक आडवं आलं की जुनी सवय उसळते, डावा हात आवळला जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढे धावते. म्हणून आधी रिकामं मैदान गाठा. दुसऱ्या गिअरमध्ये विसेकच्या वेगाने या आणि ठरवलेल्या खुणेशी थांबा. उजवा पाय आणि उजवा हात मिळून ब्रेक, क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता. पुढचा ब्रेक झटक्यात न आवळता हळूहळू दाबत न्यायचा. डावा हात आधी गेला तर तो फेरा बाद धरा.

मग क्लच. सपाट जागा, इंजिन चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, रेस अजिबात नाही. क्लच इतका हळू सोडा की इंजिनचा आवाज जरा खाली बसेल आणि गाडी पुढे सरकू पाहील. तोच हाफ क्लच. तिथेच हात रोखा, परत दाबा. पंधरा-वीस वेळा केलं की ती जागा बोटांना कळते. पुढे तिथेच हात धरून पाय घासत चालीच्या वेगाने जा, नंतर थोडी रेस द्या. मधून मधून गाडीला विश्रांती द्या, सतत हाफ क्लचवर प्लेटा तापतात.

इतकं करूनही बंद पडत असेल तर कारणं ठरलेली असतात. थांबताना गिअर उतरवलेच नाहीत आणि तिसऱ्यातच उठायला गेलात, हे सगळ्यात जास्त. क्लचचा शेवटचा भाग एकदम सोडला, हे दुसरं. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की आपोआप बंद होतात, तेही बघा. शिवाय क्लचच्या लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिमी ढील हवी. फार ढिली असेल तर क्लच दाबूनही इंजिन चाकापासून पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल (म्हणजे कुठलाच गिअर नसलेली जागा) सापडत नाही आणि गाडी धक्के देते. मेकॅनिककडे दोन मिनिटांचं काम आहे. कित्येक शिकाऊ बिचारे क्लचच्या केबलचा दोष स्वतःच्या माथी घेतात!

सरळ रस्त्यावर पन्नासने जाणं सोपं, कस लागतो तो हळू चालवताना. आरटीओत 8 काढायला लावतात त्याची तयारीही यातच होते: रेस एकसारखी, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका लावलेला आणि नजर चाकापुढे नाही तर पुढच्या वळणावर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. हळू वेगातले बरेच शिकाऊ तिथेच आडवे होतात.

चढावर डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. क्लच सोडत आवाज बसला की रेस द्या आणि मगच ब्रेक सोडा. आधी सोसायटीच्या उतारावर जमू द्या, घाट नंतर. उतरताना न्यूट्रल नको, दुसरा गिअर ठेवा.

हे जमलं की रविवारी पहाटेचा रस्ता. शिकाऊ लायसन्स असेल तर पुढेमागे पांढऱ्यावर लाल एलची पाटी लावा. शिकवणारा लायसन्सधारक सोडून मागे कोणाला बसवता येत नाही. मित्राला तर नकोच, वजनाने तोल बदलतो. सिग्नलला थांबण्याआधीच पहिल्यावर या. थांबा लांबला तर न्यूट्रल, सुटायला काही सेकंद उरले की पुन्हा पहिला.

गाडी पडलीच तर आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन थांबवायचं बटण, बंद करा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड खाली करून गाडी गिअरमध्ये टाका, नाहीतर उभी करताच पलीकडे कोसळेल. सीटला पाठ टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे सरकत उठवा. पेट्रोल सांडलं असेल तर लगेच स्टार्ट मारू नका.