मंगळावर माणसं उतरवायची जागा कशी ठरवतात? बर्फ ध्रुवावर आहे तर सरळ तिथेच का नाही उतरत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, मंगळावर माणसं पाठवायची तर उतरायची जागा कशी ठरवतात आणि बर्फ ढिगाने ध्रुवावर पडलाय तर मग तिथेच का जात नाहीत. मी जिऑलॉजी शिकलोय, मराठवाड्यात विहीर-बोअरची जागा दाखवायचं काम गेली सोळा वर्षं करतोय आणि मंगळावरच्या जागांचं हे प्रकरण २०१५ पासून जमेल तेवढं वाचत आलोय, त्यामुळे उत्तर जरा मोठं होणार आहे.

आधी ध्रुवाचं बोलू. नासाचं फिनिक्स यान २५ मे २००८ ला मंगळाच्या उत्तरेला ६८ अंशांवर उतरलं, आणि बर्फ अक्षरशः पायाखाली निघाला. यानाच्या यांत्रिक हाताने काही सेंटिमीटर माती खरवडली की खाली पांढरं लागायचं. खणताना सुटलेले छोटे पांढरे तुकडे चार दिवसांत फोटोतून गायब झाले, हवेत उडून गेले, तेव्हा खात्री पटली की हे मीठ नाही, बर्फच आहे. इथपर्यंत सगळं तुमच्या मनासारखं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात यानाशी संपर्क तुटला, कारण ऊन कमी होत चाललं होतं आणि यानाला वीज पुरेना. पुढे तिथल्या हिवाळ्यात तर सूर्य वरच येत नाही, महिनोन्महिने अंधार, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठून प्रत्येक वस्तूवर बसतो. २०१० मध्ये वरून फोटो काढले तर सोलर पॅनल त्या भाराने मोडल्यासारखं दिसत होतं. ते यंत्र होतं, माणसांचा मुक्काम लांबच्या मोहिमेत ५०० दिवसांच्या आसपास धरतात, म्हणजे एक अख्खा हिवाळा काढावा लागू शकतो. म्हणून बर्फ असूनही ध्रुव नको.

उलट विषुववृत्ताकडे गेलं की ऊन भरपूर, थंडी कमी, पण तिथे बर्फ वरच्या थरात टिकत नाही. म्हणजे खरी शोधाशोध मधल्या पट्ट्यात, साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आहे, जिथे ऊनही पुरेल आणि बर्फही खणण्याइतका वर असेल.

आता जागा म्हणजे काय ते सांगतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात नकाशावरचा एक ठिपका असतो, माझ्याही होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये ह्यूस्टनला नासाने यासाठी पहिली मोठी कार्यशाळा घेतली, तिथे शास्त्रज्ञांनी जवळपास पन्नास जागा मांडल्या, आणि मांडायची अटच अशी होती की ठिपका नको, १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ द्या. हिशोब केला तर ३१ हजार चौरस किलोमीटर होतात, दोन पुणे जिल्हे शेजारी शेजारी ठेवल्यासारखं. याला ते एक्स्प्लोरेशन झोन म्हणतात. त्या वर्तुळात उतरायला सपाट मैदान पाहिजे, राहायला जागा पाहिजे, पाणी पाहिजे आणि ज्यासाठी एवढ्या लांब गेलो ते अभ्यासाचे खडकही पाहिजेत, आणि या सगळ्या गोष्टी एकमेकांपासून गाडीने जाण्याच्या अंतरात पाहिजेत. शिवाय पट्टा ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण एवढ्यातच, उंची मंगळाच्या शून्य पातळीपासून (आपल्या समुद्रसपाटीसारखी तिथे मानलेली पातळी) दोन किलोमीटरच्या वर नको, आणि निदान १०० टन पाणी निघेल अशी शक्यता पाहिजे. एकदा जागा ठरली की पुढच्या तुकड्याही तिथेच जाणार, दरवेळी नवी जागा नाही, त्यामुळे चुकीची निवड झाली तर ती पुढची पंधरा-वीस वर्षं भोगावी लागेल.

मला हे सगळं वाचताना सारखं आमच्या कामातलंच काहीतरी वाटत राहतं. काही वर्षांपूर्वी एका शेतात मी रेझिस्टिव्हिटी मीटर (जमिनीत वीज सोडून खालच्या पाण्याचा अंदाज घेणारं यंत्र) लावून दोन दिवस रीडिंग घेतले, सगळ्यात चांगला पॉइंट नाल्याच्या कडेला निघाला, मी खुंटी ठोकून आलो. रिग आली तेव्हा पाऊस होऊन गेलेला, काळी जमीन, गाडीची मागची चाकं शेतात शिरताच अर्धी रुतली, ट्रॅक्टर लावून बाहेर काढली आणि शेवटी बोअर घेतला तो रस्त्यालगतच्या दुसऱ्या नंबरच्या पॉइंटवर. पाणी लागलं पण कमी लागलं. त्या दिवसापासून मी आधी गाडी कुठून येणार ते बघतो, मग मीटर उघडतो. मंगळावर नेमकं हेच आहे, पाणी जिथे सगळ्यात जास्त तिथे उतरता येईलच असं नाही, आणि उतरायला जी जागा सगळ्यात सोपी तिथे बहुतेक वेळा ना पाणी असतं ना बघण्यासारखा खडक.

उतरणं अवघड का, तर हवा. मंगळावर हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, म्हणजे हवा यान तापवण्याइतकी आहे पण थांबवण्याइतकी नाही. आजवर तिथे उतरलेलं सगळ्यात जड यंत्र म्हणजे नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर (चाकांवर फिरणारी यंत्रगाडी), १०२५ किलो. माणसांसाठी एकेका खेपेत २० टन किंवा जास्त माल उतरवावा लागेल, त्याला पॅराशूट पुरणार नाही, इंजिनं पेटवूनच वेग मारावा लागणार. म्हणून जागा जेवढी खोल तेवढी बरी, वर हवेचा थर जास्त मिळतो, वेग कमी करायला वेळ मिळतो. मग कुणी म्हणेल हेलास खोरं घ्या, ते शून्य पातळीपासून सात किलोमीटर खोल आहे. पण तिथून धुळीची वादळं उठतात, म्हणजे एक प्रश्न सोडवून दुसरा घरात आणायचा.

इंजिनं पेटवून उतरायचं म्हणजे खालची माती आणि दगड गोळीसारखे उडणार, हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. १९६९ मध्ये अपोलो १२ चंद्रावर आधीच जाऊन बसलेल्या सर्व्हेअर ३ यानापासून जवळपास १६० मीटरवर उतरलं, आणि नंतर त्या जुन्या यानाचे भाग पृथ्वीवर आणून बघितले तर उडालेल्या धुळीने त्यावर वाळूचा फवारा मारल्यासारख्या खुणा होत्या. मंगळावर उतरणारं यान त्याहून कितीतरी जड, म्हणून उतरायचं मैदान आणि राहायची घरं यांच्यात चांगलं अंतर ठेवावं लागतं आणि वर्तुळ मोठं होत जातं.

मग दगड. नासाच्या व्हायकिंग १ यानाला ४ जुलै १९७६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वाढदिवशी उतरवायचं ठरलं होतं. यान मंगळाभोवती पोचलं, ठरलेल्या जागेचे जवळून फोटो आले आणि ती जागा भयंकर खडबडीत निघाली. त्यांनी मुहूर्त सोडला, दुसरी जागा शोधली आणि २० जुलैला उतरवलं, याबद्दल मला त्या लोकांचा फार आदर वाटतो, सगळ्या देशाचं लक्ष असताना तारीख सोडून देणं सोपं नसतं. आणि एवढं करूनही यानापासून फक्त आठेक मीटरवर दोन मीटर रुंदीचा दगड उभा होता! त्यावर पाय पडला असता तर संपलंच होतं. तेव्हाच्या कॅमेऱ्याला वरून मैदानाएवढ्या गोष्टी दिसायच्या, दगड नाही. आता मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्यात टेबलाएवढा दगड कळतो, आणि पर्सिव्हिअरन्सने तर २०२१ मध्ये उतरता उतरता स्वतःच खालचे फोटो नकाशाशी जुळवून जागा निवडली. व्हायकिंगच्या वेळी यान २८० बाय १०० किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही पडू शकत होतं, पर्सिव्हिअरन्सला तो पट्टा ७.७ बाय ६.६ किलोमीटर इतका छोटा करता आला.

दगड नसले म्हणजे जमीन चांगली असंही नाही. स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये वरून कडक दिसणाऱ्या जमिनीखालच्या भुसभुशीत मातीत रुतला तो कायमचाच. वरून माती मऊ की कडक हे कसं ओळखतात ते मला सगळ्यात आवडतं. उन्हाळ्यात संध्याकाळी कातळावर बसून बघा, सूर्य मावळून तास झाला तरी खालून ऊब येत असते, आणि शेजारच्या फुफाट्यात पाय ठेवला तर तो केव्हाच गार झालेला असतो. मंगळाभोवती फिरणारी यानं रात्री जमिनीचं तापमान मोजतात, जी जागा रात्रीही ऊब धरते तिथे खडक किंवा घट्ट जमीन, जी लगेच गार पडते तिथे पिठासारखी धूळ. थार्सिस या ज्वालामुखींच्या पठाराचा मोठा भाग असा धुळीचा आहे, म्हणून कितीही सपाट असला तरी नको.

आता पाण्याकडे येतो. पाणी फक्त प्यायला नाही, परत येण्यासाठी लागतं. चार माणसांना मंगळावरून वर उडायला नासाच्या हिशोबाने साधारण ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल. ऑक्सिजन तिथल्या हवेतून काढता येतो हे पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने दाखवलं, पण २०२१ ते २०२३ मध्ये सगळे मिळून १२२ ग्रॅम निघाले, यावरून किती मोठं काम बाकी आहे ते कळेल. आणि इंधन म्हणून मिथेन तिथेच बनवायचा तर हायड्रोजन पाहिजे, तो पाण्यातूनच येणार.

बर्फ किती दक्षिणेपर्यंत आहे हे कळायला तर निसर्गानेच मदत केली. २४ डिसेंबर २०२१ ला अमेझोनिस मैदानात ३५ अंश उत्तरेला एक उल्का पडली, मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने तिचा हादरा टिपला, नंतर वरून फोटोत १५० मीटर रुंद नवा खड्डा आणि त्याभोवती फेकलेले बर्फाचे मोठमोठे ढेकळे दिसले. कुठलीही रिग न नेता फुकटात बोअर झाला म्हणा ना. बर्फ जाड असेल तर काढायची पद्धतही माहीत आहे, अंटार्क्टिकात दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर बर्फात भोक पाडून आत गरम पाणी सोडतात, खाली वितळलेल्या पाण्याची विहीर तयार होते आणि ते पंपाने वर घेतात.

अभ्यासाच्या खडकांचं थोडक्यात सांगतो. जेझेरो विवर ४५ किलोमीटर रुंद, त्यात पूर्वी नदी येऊन मिळत होती आणि तिने टाकलेला गाळ आजही पंख्यासारखा पसरलेला दिसतो. आपल्याकडे लोणारला गेलात तर ईशान्येच्या काठावर धारेचं पाणी वाहतं तिथे उभं राहून खाली बघा, घळीतून उतरलेल्या गाळाने तळ्याच्या काठाशी तसाच पंखा केलाय, आकाराने अर्थात खूप लहान. लोणारही बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) पडलेलं विवर असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. मी विद्यार्थ्यांना तिथे नेलं की काठावर उभं करून एकच विचारतो, इथे वीस टनांचं यान कुठे उतरवाल? कुणी तळ्याकाठचा चिखल दाखवतं, कुणी काठावरची दगडांनी भरलेली शेतं, आणि दहा मिनिटांनी सगळे गावापलीकडच्या सपाट माळाकडे बोट दाखवतात, जिथे अभ्यासाला काहीच नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच खुपते. जिथे बर्फ आणि ऊब तिथेच मंगळाचं स्वतःचं काही जिवंत असण्याची थोडी आशा, आणि माणूस गेला की त्याच्यासोबत कोट्यवधी जंतू जाणार. रोव्हर धुऊन पुसून पाठवता येतो, माणूस नाही. म्हणून माझं मत असं की तळ बर्फाजवळ असावा, पण जिथे आजही ओल असू शकते अशी ठिकाणं वर्तुळात असली तरी माणसांसाठी बंद ठेवावीत, तिथे फक्त निर्जंतुक केलेली यंत्रं पाठवावीत.

माझी निवड विचाराल तर ड्युटेरोनिलस मेन्से. साधारण ४० अंश उत्तर, उंचीने खाली, तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी दगडमातीने झाकलेल्या हिमनद्या आहेत, ज्यात शेकडो मीटर जाड बर्फ असल्याचं रडारने दाखवलंय, आणि दक्षिणेला लागूनच फार जुन्या खडकांचं पठार आहे. बरेच जण अर्केडिया मैदान म्हणतात, ते उतरायला सोपं आहे हे मान्य, स्पेसएक्सनेही त्या भागाचे फोटो मागवले होते, पण तिथे बघायला खडकांची एवढी विविधता नाही असं मला वाटतं.

अडचण एवढीच की रडारला वरच्या दहा-पंधरा मीटरमधलं नीट दिसत नाही, आणि कामाचं सगळं तिथेच आहे, बर्फावरचं झाकण दोन मीटरचं की दहा मीटरचं, नुसती माती की मोठे दगड. तेवढंच बघायला आइस मॅपर नावाचं यान ठरत होतं, २०२२ मध्ये नासाने त्यातून पैसा काढून घ्यायचं ठरवलं. माणसं पाठवायच्या आधी ते किंवा त्यासारखं काहीतरी जायलाच पाहिजे, आणि त्यानंतर निदान एक यंत्र तिथे उतरून दहा मीटरचं भोक पाडून यायला पाहिजे. मीटरवर कितीही छान रीडिंग आलं तरी मी शेतकऱ्याला पाइपलाइनचं सामान घ्यायला सांगत नाही, आधी बोअर होऊ दे म्हणतो.